जोडावरचा शिक्का



‘ध’ चा ‘मा’ ही कथा आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणीच ऐकलेली आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. नारायणरावांस ‘धरावे’ असा राघोबादादांचा हुकूम होता आणि आनंदीबाईंनी त्यातील ‘ध’ खोडून ‘मा’ केला, असे लोक सांगतात. ही कथा कागदपत्रांनी सिद्ध झालेली नाही, आणि तो वाद मला आज उकरून काढावयाचा नाही. सिद्ध न होताही ती इतकी वर्षे टिकून का राहिली, एवढेच मला विचारावयाचे आहे. मला वाटते, तिच्यात एक खरी भीती आहे. लिहिलेल्या अक्षरावर जगाचा व्यवहार चालतो. ते अक्षर मधल्यामध्ये कोणी बदलले, तर ते कळावयाचे कसे?

ही भीती कागदाबरोबर संपली नाही. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स नावाची संगणकप्रणाली लिहावयास घेतली. तिचा मजकूर, म्हणजे कोड, सर्वांस खुला आहे. कोणीही तो वाचावा, सुधारावा आणि सुधारणा परत धाडावी. आज आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही हाच गाभा असतो. नोव्हेंबर २००३ मध्ये या मजकुराच्या एका नकलेत कोणीतरी चोरून दोन ओळी घुसविल्या. वरवर पाहता त्या निरुपद्रवी होत्या. त्या भाषेत दोन ‘=’ चिन्हे एकापुढे एक लिहिली म्हणजे ‘समान आहे काय?’ असा प्रश्न होतो. एकच चिन्ह लिहिले म्हणजे ‘समान कर’ अशी आज्ञा होते. घुसविलेल्या ओळीत एकच चिन्ह होते. ‘या माणसाचा क्रमांक शून्य आहे काय?’ असे विचारल्याचा बहाणा करून ती ओळ त्याचा क्रमांक शून्य करून टाकीत होती. आणि शून्य क्रमांक म्हणजे त्या यंत्राचा सर्वाधिकारी. एका चिन्हाच्या फरकाने घरात शिरलेला पाहुणा घरधनी व्हावयाचा होता. मूळ दप्तर निराळ्या ठिकाणी होते. त्याच्याशी नकलेचा मेळ बसेना, म्हणून चोरी उघडकीस आली. ती करणाऱ्याचे नाव जगापुढे कधीच आले नाही.

मूळ आणि नक्कल यांचा मेळ घालण्याच्या या विद्येचा इतिहास मी आज थोडक्यात सांगणार आहे. एकाच मजकुरावर अनेक हात फिरू लागले, की कोणी, केव्हा, काय आणि कशासाठी बदलले याची वही ठेवावी लागते. १९७२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी अशी वही ठेवणारी पहिली नावाजलेली आज्ञावली लिहिली. दहा वर्षांनी पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी तिच्यात सुधारणा करून दुसरी केली. १९८६ साली ॲमस्टरडॅम येथे डिक ग्रून यांनी सी.व्ही.एस. हिचा पाया घातला. ती आल्यावर एकाच मजकुरावर अनेकांना एकाच वेळी काम करणे शक्य झाले. पण या पद्धतीत दप्तर एका ठिकाणी असे आणि बाकीचे त्याच्या दारी जात. दप्तरखान्यात चोर शिरला आणि त्याने जुने पान बदलले, तर ते पान बदलल्याची खूण पानावर राहत नसे. दप्तरदारावर विश्वास ठेवणे एवढाच उपाय होता.

लिनक्सच्या मंडळींनी २००२ पासून बिटकीपर ही एका खाजगी कंपनीची आज्ञावली वापरली. ती उत्तम होती आणि फुकट मिळत होती. मात्र अटी कंपनीच्या होत्या. खुल्या मजकुराची वही बंद कपाटात ठेवावी काय, यावर तेव्हाही कडाक्याचा वाद झाला. पुढे अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने त्या कपाटातील मजकूर स्वतंत्रपणे वाचता येईल अशी आज्ञावली करावयास घेतली. कंपनीने त्यावर आक्षेप घेतला आणि एप्रिल २००५ मध्ये फुकट वापराची सवलत काढून घेतली. टोर्वाल्ड्स यांनी आपले मुख्य काम बाजूला ठेवले. ३ एप्रिल रोजी त्यांनी नवी आज्ञावली लिहावयास घेतली आणि ७ एप्रिल रोजी ती स्वतःचाच मजकूर स्वतः सांभाळू लागली. तिचे नाव गिट. जूनमध्ये लिनक्सची नवी आवृत्ती तिच्यातूनच बाहेर पडली. जुलैअखेर टोर्वाल्ड्स यांनी तिची धुरा जुनिओ हमानो यांच्या हाती दिली आणि वीस वर्षांनंतर, २०२५ सालीही, ती त्यांच्याकडेच होती.

गिटमध्ये नवे काय होते, ते सांगण्यासाठी मी पुन्हा आपल्याच दप्तराकडे वळतो. मराठेशाहीतील पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला की तेथेच मोर्तब उठवीत, की खाली कोणी आणखी ओळ घालू नये. महजरासारखा लांब कागद असला म्हणजे त्याचे बंद एकमेकांस चिकटवून जोडावर शिक्के मारीत. शिक्क्याचा अर्धा भाग एका बंदावर आणि अर्धा दुसऱ्यावर. मधला बंद काढून दुसरा घातला, तर अर्धा शिक्का अर्ध्याशी जुळावयाचा नाही. गिटची सारी युक्ती या जोडावरच्या शिक्क्यात आली.

फरक इतकाच, की येथे शिक्का मजकुरातूनच निघतो. कोणताही मजकूर एका ठराविक गणितातून काढला, की त्याचा चाळीस अंकाक्षरांचा एक आकडा तयार होतो. त्याला हॅश म्हणतात. मजकूर तोच, तर आकडा तोच. स्वल्पविराम बदलला तरी आकडा पार निराळा. गिटमधील प्रत्येक नोंदीत मजकुराचा आकडा, लिहिणाराचे नाव, तारीख, कारण आणि मागील नोंदीचा आकडा असतो; आणि या साऱ्याचा मिळून पुन्हा एक आकडा निघतो. म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या नोंदीत एक अक्षर फिरवले, तर तिचा आकडा बदलतो, त्यामुळे पुढचीचा बदलतो, आणि असे होत होत आजचा आकडाही बदलतो. शिवाय दप्तर एका ठिकाणी नसते. काम करणाऱ्या प्रत्येकाजवळ बहुधा संपूर्ण इतिहासाची प्रत असते. ऑगस्ट २०११ मध्ये लिनक्सचा मजकूर ठेवलेल्या यंत्रांत घुसखोरी झाल्याचे उघड झाले, तेव्हा मंडळींना धीर राहिला तो याच कारणाने. जुने पान कोणी बदलले असते, तर जगभरच्या हजारो प्रतींशी त्याचा मेळ बसला नसता.

येथवरची कथा ऐकून आपणांस वाटेल, की ‘ध’ चा ‘मा’ करण्याची सोय कायमची बंद झाली. इतिहास इतका सोपा नसतो. गिटने जे गणित निवडले त्याचे नाव शा-१. अमेरिकेच्या मानकसंस्थेने ते १९९५ साली प्रसिद्ध केले होते. दोन निरनिराळ्या मजकुरांचा आकडा एकच निघाला, की शिक्का खोटा ठरला. आणि असे दोन मजकूर शोधून काढणे व्यवहारात अशक्य आहे, हाच शा-१ चा आधार होता. पण फेब्रुवारी २००५ मध्ये, म्हणजे गिटच्या जन्माच्या दोनच महिने आधी, चीनमधील शांडोंग विद्यापीठाच्या वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते, की हे काम समजत होते त्याहून पुष्कळ सोपे आहे. ज्या शिक्क्यावर नवे दप्तर उभारले, त्याला तडा आधीच दिसू लागला होता.

मग तो का निवडला? टोर्वाल्ड्स यांची भूमिका अशी, की हा आकडा मुख्यतः अपघाती बिघाड ओळखण्यासाठी आहे. चोराला अडविण्याचे काम माणसांच्या परस्परविश्वासाचे आणि स्वाक्षऱ्यांचे आहे. या भूमिकेत तथ्य होते. परंतु गिटचा पसारा लिनक्सपुरता राहिला नाही, तो जगभर झाला. आणि लोक त्या आकड्याकडे मोर्तब म्हणूनच पाहू लागले. वस्तू जशी बनवली तशीच वापरली जाईल, असा भरवसा तिच्या कर्त्याला देता येत नाही.

२३ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमस्टरडॅमच्या सी.डब्ल्यू.आय. या गणितसंस्थेतील आणि गूगलमधील संशोधकांनी एकाच शा-१ आकड्याच्या दोन निरनिराळ्या पीडीएफ फायली जगापुढे ठेवल्या. त्यासाठी लागलेले गणित त्यांनी असे मांडले: एका साध्या प्रोसेसरची ६,५०० वर्षे आणि एका ग्राफिक्स प्रोसेसरची ११० वर्षे. एवढे गणित शेकडो यंत्रांना वाटून दिले, तर मोठ्या संस्थेच्या आवाक्यात येते. दुसऱ्याच दिवशी मासला मिळाला. वेबकिट या प्रकल्पात त्या दोन फायली परीक्षणासाठी ठेवताच त्यांचे सबव्हर्शन पद्धतीचे भांडार अडून बसले. गिट मजकुरापूर्वी त्याची जात आणि लांबी लिहून मग आकडा काढते, म्हणून याच दोन फायलींनी गिट फसले नाही. टोर्वाल्ड्स यांनीही घाबरण्याचे कारण नसल्याचे सांगितले. पण शिक्का बदलावयास हवा, यावर दुमत राहिले नाही.

दुरुस्तीची कहाणी मला शोधाच्या कहाणीहून अधिक शिकविणारी वाटते. मे २०१७ मध्ये, गिटच्या २.१३ या आवृत्तीत, तात्पुरता टेकू दिला गेला: अशा बनावट जोडीची लक्षणे ओळखून ती नाकारणारे शा-१. खरे काम त्याहून अवघड होते. आकडा वीस बाइटांचा, लिहिताना चाळीस अक्षरांचा, हे गृहीत धरून ‘वीस’ आणि ‘चाळीस’ हे अंक आज्ञावलीत जागोजाग कोरलेले होते. घराच्या प्रत्येक भिंतीत एकाच मापाची वीट बसवावी, आणि मग वीट मोठी करावयाची म्हणावे, तसे झाले. तडा जगजाहीर होण्याच्या आधीपासूनच काही जणांनी या जागा एकेक करून शोधून बदलण्याचे काम हाती घेतले होते. शेकडो लहान दुरुस्त्या झाल्या. प्रत्येकीत दिसण्यासारखे नवे काही नसे, आणि प्रत्येकीनंतर सारे पूर्वीसारखेच चालावयास हवे होते. २०१८ साली शा-२५६ हे नवे, चौसष्ट अक्षरांचे गणित निश्चित झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये, २.२९ या आवृत्तीत, ते प्रयोगादाखल आले. पुढील मोठ्या आवृत्तीत, म्हणजे ३.० मध्ये, नव्या भांडारांना हाच शिक्का आपोआप लागावा असे ठरले आहे. अमेरिकन मानकसंस्थेनेही २०३० अखेर शा-१ चा वापर थांबवावा, असे २०२२ साली जाहीर केले.

मग जुन्या दप्तराचे काय? नवे गणित लावले, की जुन्या प्रत्येक नोंदीचा आकडा बदलतो. आणि लोकांनी टिपणांत, निबंधांत, बिघाडांच्या तक्रारींत जुनेच आकडे उद्‌धृत केलेले असतात. न बदलावे तर शिक्का कच्चा, बदलावे तर साऱ्या खुणा चुकणार. यावर जुना आणि नवा आकडा शेजारी शेजारी मांडणारी सूची ठेवावी, असा तोडगा योजला आहे. मात्र दोन्ही शिक्क्यांच्या दप्तरांची आपसांतील ये-जा २०२५ पर्यंतही पुरी जमलेली नव्हती. जे चार दिवसांत उभे राहिले, त्याच्या पायातील एक वीट बदलावयास वीस वर्षेही पुरली नाहीत.

यात मला दोष दिसत नाही. ज्या दप्तरावर असंख्य लोकांचे काम अवलंबून आहे, ते घाईने बदलणे हाच दोष ठरला असता. मात्र एक गोष्ट त्या कर्त्यांकडून आपण घ्यावी. शिक्क्याला तडा गेला हे कळल्यावर ते त्यांनी झाकले नाही. तडाही खुल्या मजकुरात, दुरुस्तीही खुल्या मजकुरात, आणि त्या दुरुस्तीची प्रत्येक नोंद त्याच वहीत. आनंदीबाईंनी खरोखर ‘ध’ चा ‘मा’ केला की नाही, हे आपण आज सांगू शकत नाही, कारण तपासावयास तो कागदच आपल्यापाशी नाही. पुढच्या पिढीला आपल्या काळाविषयी असेच म्हणावे लागू नये, एवढ्यासाठी काही माणसे वर्षानुवर्षे भिंतीतली एकेक वीट काढून दुसरी बसवीत आहेत.