तिकीट बोईसरचे, नाव तारापूरचे

शाळेत अलंकार शिकलेल्या मराठी माणसाला जन्मभर दोनच ओळखता येतात. 'सारखा' दिसला की उपमा, 'जणू' दिसले की उत्प्रेक्षा. बाकीची मंडळी परीक्षेच्या आदल्या रात्री मुक्कामाला येतात आणि पेपर संपताच निघून जातात. मुळात हे कुटुंब एवढे मोठे नव्हते. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच: उपमा, रूपक, दीपक, यमक. आटोपशीर संसार! अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने 'काव्यप्रकाश' लिहिला तोवर ते साठावर गेले, आणि सोळाव्या शतकातल्या अप्पय्य दीक्षितांनी 'कुवलयानंदा'त शंभरी ओलांडली. लाल त्रिकोण तेव्हा निघाला नव्हता, दुसरे काय!

पण याच मम्मटाच्या ग्रंथात एक गोष्ट अशी आहे की ती समजायला कवी असावे लागत नाही. डहाणू लोकलचे तिकीट पुरते. ती म्हणजे लक्षणा. शब्दाचा सरळ अर्थ सांगते ती अभिधा. तो अर्थ अडला की त्याच्या नात्यातला दुसरा घ्यायचा, ती लक्षणा. शास्त्रकारांचे लाडके उदाहरण 'गंगेवर गवळीवाडा'. प्रवाहावर गोठे बांधले तर गवळ्यांसकट गाई वाहून जातील. म्हणून 'गंगेवर' म्हणजे गंगेच्या काठावर. अटी तीन: सरळ अर्थ अडला पाहिजे, नव्याचे जुन्याशी नाते पाहिजे, आणि रूढी किंवा हेतू यांपैकी एक काहीतरी पाहिजे.

आता पालघर गेले, उमरोळी गेले, बोईसर आले. नवखा माणूस उतरतो आणि रिक्षावाल्याला विचारतो,

"तारापूर एमआयडीसी?"

"बसा काका, इथंच बोईसरला."

"मग तारापूर?"

"ते तिकडं, समुद्राकडं. लांब आहे."

वसाहत बोईसरला, नाव तारापूरचे! सरळ अर्थ अडला, शेजारपणाचे नाते आहे, रूढी तर आहेच. तिन्ही अटी पुऱ्या. रिक्षावाला लक्षणेने बोलतो. भाडे मात्र अभिधेने घेतो.

मूळ तारापूर हे समुद्रकाठचे गाव. तिथला पोर्तुगीजांचा किल्ला मराठ्यांनी चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ च्या जानेवारीत घेतला, तेव्हा 'तारापूर' म्हणजे तारापूरच होते. १९६९ साली जवळच देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले आणि 'तारापूर' म्हणजे अणुशक्ती झाली. १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर अमेरिकेशी इंधनाचा वाद पेटला, तेव्हा वर्तमानपत्रांत रोज तारापूर असे. किल्ल्याची चौकशी कोणी केली नाही.

इथवर गंमत आहे. पुढे २००५-०६ मध्ये आणखी दोन मोठ्या अणुभट्ट्या सुरू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. माणसांना सरकारी शब्द मिळाला 'प्रकल्पग्रस्त'. हा 'ग्रस्त' ग्रहणातला, ग्रासलेला. एरवी रुक्ष असलेल्या सरकारी भाषेने इथे नकळत रूपक साधले. गंगेच्या उदाहरणात गवळीवाडा निदान काठावर तरी राहिला होता. इथे वाडाच हलला, आणि विजेला नाव लागले तारापूरचे.

म्हणून अलंकार विसरले तरी चालतील, लक्षणा तेवढी लक्षात ठेवावी. कोणी 'तारापूरची वीज' म्हणाले की सरळ अर्थ विचारावा. पुनर्वसनाच्या नव्या जागांनाही पोफरण, अक्करपट्टी हीच नावे आहेत. मम्मट त्याला लक्षणा म्हणेल. तिथल्या एखाद्या आजीला विचारा, ती म्हणेल, "लक्षणा कसली बाबा? गावाचं नाव हाय ते."