शहापूर-मुरबाडमधून मार्केटिंगची पदवी घ्यायची आहे? आधी हे वाचा

बारावीनंतर मार्केटिंग शिकायचंय? मग फक्त त्या नावाची पदवी शोधत बसू नका. मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत हा विषय मुख्यतः बी.कॉम. आणि बीएमएसमधून शिकवला जातो. ग्राहकाची गरज ओळखणं, भाव ठरवणं, माल पोहोचवणं आणि जाहिरात हा त्याचा गाभा. शेतातली भेंडी थेट ग्राहकाला विकायची असेल, तरी हेच लागतं.

प्रवेश कसा मिळतो?
बीएमएससाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. मात्र २०२४ पासून बीबीए-बीएमएससाठी राज्य सीईटी आहे. तिची नोंदणी निकालाआधीच सुरू होते; निकालाची वाट पाहत राहिलात, तर संधी हुकू शकते. काही महाविद्यालयांत ‘बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)’ आहे, त्याला ही सीईटी लागत नाही. म्हणून पदवीचं पूर्ण नाव विचारून घ्या.

प्रवासाचं काय?
तालुक्यात सोय नसेल, तर कल्याण गाठावं लागतं. शहापूरकरांना आसनगावहून लोकल आहे. मुरबाडकरांची भिस्त एसटीवर. फीसोबत पासाचा खर्चही धरा. रोज जाणं जमत नसेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी राहून बी.कॉम. करता येतं.