दोन दिव्यांमधला अंधार

दिव्याखाली अंधार, ही म्हण आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. पण दोन दिव्यांच्या मध्येही अंधाराची एक जागा असते आणि ती गणिताने नेमकी काढता येते, हे मला फार उशिरा उमगले. मी बी.ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस. गणिताशी माझे सूत कधी जमले नाही.

लहानपणी आमच्या घरात एका टोकाला कंदील आणि दुसऱ्या टोकाला चिमणी असे. अम्मी मधोमध बसून शिवण करी. दोन्हीकडून उजेड मिळतो, अशी तिची समजूत. तरी सुईत दोरा ओवायला ती मलाच हाक मारी.

इ.स. ९६५च्या सुमारास बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसमने अंधाऱ्या खोलीच्या भोकासमोर अनेक दिवे ठेवून पाहिले. आत प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडला. एक दिवा झाकला की तेवढाच ठिपका नाहीसा होई. एकाच भोकातून जाऊनही एक उजेड दुसऱ्याला बिघडवत नव्हता. म्हणूनच दोन दिव्यांच्या उजेडाची सरळ बेरीज करता येते. पुढे १६०४ मध्ये केप्लरने सांगितले की अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. १६८४ मध्ये लायब्निट्सने सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान किंमत शोधण्याची कलनाची रीत छापली. बूगेरने १७२९ मध्ये आणि लँबर्टने १७६० मध्ये प्रकाशमापनावर ग्रंथ लिहिले.

आता हिशेब पाहा. समजा, कंदील चिमणीच्या आठपट तेजाचा आहे आणि दोघांत नऊ फूट अंतर आहे. कंदिलापासून दूर सरकताना एकाचा उजेड घटतो, दुसऱ्याचा वाढतो. जिथे ही घट आणि वाढ बरोबर सारखी होते, तिथे उजेड सर्वांत कमी. कलन सांगते, ती जागा कंदिलापासून सहा आणि चिमणीपासून तीन फुटांवर. गंमत म्हणजे तिथे दोघांचा उजेड सारखा नसतो. कंदिलाचा दुप्पट असतो.

आज रस्त्यावरचे दिवे असेच हिशेब करून बसवतात. आमच्या घरातले दिवे कोणी मोजले नाहीत. अम्मीने मध्ये न बसता कंदिलाजवळ सरकावे, एवढे सांगणारे कोणीतरी तेव्हा हवे होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)