डासनियंत्रक मासे

डासांच्या अळ्या खाणाऱ्या लहान माशांना डासनियंत्रक मासे म्हणतात. हिवतापाचे परजीवी डासांच्या शरीरात वाढतात, हे रॉनल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे दाखविल्यावर अळीनाशनास महत्त्व आले. दक्षिण अमेरिकेतील गप्पी मासा १९०८ च्या सुमारास, तर मूळचा उत्तर अमेरिकेतील गॅम्ब्यूझिया १९२८ मध्ये इटलीतून भारतात आणण्यात आला. दोन्ही जरायुज असल्याने साध्या टाकीतही त्यांची पैदास होते. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमात (१९५३) डीडीटीच्या फवारणीवर भर राहिल्याने मासे मागे पडले. परंतु डासांत प्रतिकारक्षमता निर्माण होऊन १९७६ मध्ये देशातील रुग्णसंख्या सु. ६४ लाखांवर गेली, तेव्हा त्यांच्याकडे पुन्हा लक्ष वळले.

तळ्यांचा व भातशेतीचा भंडारा जिल्हा हिवताप आणि हत्तीरोग या दोहोंनी पीडित राहिला आहे. हत्तीरोगाचा प्रसारक क्यूलेक्स डास गटारांत व साचलेल्या घाण पाण्यात वाढतो. अशा पाण्यात गप्पी तग धरतो. पूर्ण वाढलेला मासा दिवसाला सु. ८० ते १०० अळ्या खातो. हिवतापाचा ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस हा डास मात्र बांध्या, पाट व ओढ्यांतील स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. हे पाणी उथळ व लवकर आटणारे असल्याने तेथे मासे टिकत नाहीत.

घरातील रांजण, हौद व टाक्या ही डेंग्यू पसरविणाऱ्या ईडिस डासाची आवडती स्थाने होत. मोठ्या, क्वचितच रिकाम्या होणाऱ्या हौदात गप्पी उपयोगी पडतो. रांजणाचे तसे नाही. आठवड्यातून एकदा भांडी रिती करून घासण्याचा ‘कोरडा दिवस’ पाळल्यास मासा ठेवायचा कोठे, हा प्रश्न उरतो. शिवाय पिण्याच्या पाण्यात मासा अनेक घरांत रुचत नाही. तेथे घट्ट झाकणच अधिक भरवशाचे.

कोहळी समाजाने बांधलेल्या जुन्या मालगुजारी तलावांचा विचार वेगळा करावा लागतो. त्यांतील देशी माशांवर ढिवरांची उपजीविका आहे. गॅम्ब्यूझिया इतर माशांची अंडी व पिले खातो; जगातील सर्वांत उपद्रवी आक्रमक जातींच्या एका आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा समावेश आहे. गटारात सोडलेला मासा पावसाळ्यात नाल्यावाटे तलावात पोहोचू शकतो, व एकदा वसल्यावर तो काढणे जवळजवळ अशक्य असते. वास्तविक पृष्ठभागालगत वावरणारे ॲप्लोकायलस वंशाचे भारतीय मासेही अळ्या खातात. परदेशी माशांच्या सुलभ पैदाशीपुढे त्यांची उपेक्षा झाली.