कॅराबिनरवरचं 'केएन' म्हणजे काय? जीवधन-वानरलिंगीला जाण्याआधी वाचा

मी बोरी बुद्रुकचा. जीवधन आमच्याच तालुक्यात, त्यामुळे "सामान कुठलं घेऊ?" हा प्रश्न मला नेहमी येतो.

आधी कॅराबिनरवर कोरलेले आकडे बघा. केएन म्हणजे किलोन्यूटन. 1 केएन म्हणजे साधारण 102 किलोचा भार. ईएन 12275 या युरोपीय मानकानुसार नेहमीच्या कॅराबिनरने लांबीच्या दिशेने किमान 20 केएन सोसायला हवं. गेट उघडं राहिलं तर हाच आकडा 7 वर येतो! म्हणून मुख्य जोडणीला लॉकवालाच घ्या. किचेनचे हुक दिसतात तसेच, पण ते बाटली लटकवण्यापुरतेच.

वानरलिंगीचा सुळका लीड करायचा तर दोर डायनॅमिकच हवा. तो ताणला जातो आणि पडल्याचा झटका शोषतो. स्टॅटिक दोर रॅपलिंगला ठीक, लीडला अजिबात नाही. सेकंडहँड दोर मी तरी फुकटही घेणार नाही, आतली झीज दिसत नाही.

हेल्मेट ईएन 12492 चं. बाईकचं नको.

मोबाईलमध्ये नकाशा घरूनच डाउनलोड करा. जीपीएसला नेटवर्क लागत नाही. आणि तुमच्या सिमला रेंज नसली तरी 112 लावून बघा. दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही तो कॉल जाऊ शकतो.