अडतीस विरुद्ध तेरा

१९ मार्च १९१२ या दिवशीं कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कायदेकौन्सिलांत एका महत्त्वाच्या प्रश्नाचा निकाल लागावयाचा होता. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचें प्राथमिक शिक्षणाचें बिल निवड-समितीकडे पाठवावें कीं नाहीं, हा तो प्रश्न.

मागणी बेताचीच होती. शाळेंत जाणाऱ्या मुलांचें प्रमाण जेथें ठरीव मर्यादेपर्यंत पोंचलें असेल, तेथें म्युनिसिपालिटीस किंवा लोकलबोर्डास सरकारच्या पूर्वसंमतीनें ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांना शिक्षण सक्तीचें करतां यावें, एवढेंच तींत होतें. बडोद्यास तर सयाजीराव महाराजांनीं १९०६ सालींच संस्थानभर सक्ती सुरू केली होती.

परंतु कौन्सिलांत सरकारी सभासदांचें बहुमत आधींच ठरलेलें. सक्तीची वेळ अद्यापि आली नाहीं व खर्च झेपणार नाहीं, असें सरकारपक्षाचें म्हणणें पडलें. कांहीं बिनसरकारी सभासदहि त्यास मिळाले. बिल फेटाळलें जाणार हें गोखल्यांनीं भाषणांत स्वतःच सांगून टाकलें होतें. तक्रार मात्र केली नाहीं. मतें मोजलीं गेलीं तेव्हां अनुकूल १३ व प्रतिकूल ३८ भरलीं.

गोखले १९१५ सालीं निवर्तले. पुढें १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नानें मुंबई इलाख्यांतील म्युनिसिपालिट्यांस सक्तीचा अधिकार मिळाला. ६ ते १४ वर्षांच्या मुलामुलींस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा स्वतंत्र भारताच्या संसदेचा कायदा १ एप्रिल २०१० रोजीं अंमलांत आला. कलकत्त्याच्या त्या मतदानास तेव्हां अठ्ठ्याण्णव वर्षें लोटलीं होतीं.