शेतातल्या शंखी गोगलगायी आणि आपले आरोग्य : खरा धोका कुठे आहे?

सोयाबीन उगवून दोन-चार पानांवर आले की आमच्या बुलढाणा जिल्ह्यातले रुग्ण ताप-खोकल्याबरोबर आणखी एक प्रश्न घेऊन येतात. "डॉक्टर, शेतात गोगलगायी झाल्यात. पोरांनीही हातानेच वेचल्या. काही होईल का?" कुणी मोबाईलवर आलेला संदेश दाखवतो, त्यात 'हात लावताच मेंदूचा आजार' असे लिहिलेले असते. कुणी उलट सांगतो की गोगलगाय गरीब प्राणी आहे, तिचे काय घेऊन बसलात.

दोन्ही गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत. गोगलगायीला नुसता हात लागल्याने सहसा काही होत नाही. मात्र न धुतलेला हात, न धुतलेली कच्ची भाजी, गोगलगायी मारण्याचे औषध आणि अंधारात बिनधास्त घातलेला हात या चार गोष्टी खरोखर जिवावर बेतू शकतात. या लेखात त्यांचीच माहिती दिली आहे.

ही गोगलगाय कोणती?

पिकात दिसणारी मोठी, तपकिरी, पट्टेदार आणि टोकदार शंखाची गोगलगाय म्हणजे आफ्रिकन शंखी गोगलगाय. शंख बहुधा ७ ते १० सेंटीमीटरचा असतो, क्वचित २० सेंटीमीटरपर्यंत वाढतो. शंख नसलेल्या चिकट गोगलगायीला आपल्याकडे शेंबडी गोगलगाय म्हणतात. आरोग्याच्या दृष्टीने दोघींबाबत सारखीच काळजी घ्यायची आहे.

शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ मध्ये शंख-शिंपल्यांच्या एका अभ्यासकाने ती मॉरिशसहून कोलकात्याला आणली आणि तिथून ती देशभर पसरली. प्रत्येक गोगलगायीत नर आणि मादी दोन्ही अवयव असतात, त्यामुळे प्रत्येक जण अंडी घालू शकते. एका वेळी शंभर-दोनशे किंवा त्याहून जास्त अंडी मातीत घातली जातात. ती साबुदाण्यासारखी दिसतात. उन्हाळ्यात ही गोगलगाय शंखाचे तोंड बंद करून जमिनीत पडून राहते आणि पावसाची ओल मिळाली की बाहेर येते.

ती पसरते का आहे?

२०२२ च्या जुलैत संततधार पावसात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली आणि सरकारला नुकसानभरपाई जाहीर करावी लागली. बुलढाणा जिल्हाही सोयाबीनचाच पट्टा आहे आणि मराठवाड्याला लागून आहे.

गोगलगाय स्वतःच्या पायाने फार लांब जात नाही. तिला आपणच नेतो. रोपवाटिकेतली रोपे, शेणखत, माती, विटा, ट्रॅक्टरची चाके आणि भाजीची पोती यांतून ती किंवा तिची अंडी गावोगाव पोहोचतात. पुढे तिथे ती टिकणार की नाही, हे हवामान ठरवते. समुद्रातही असेच चालले आहे. पाणी तापते तशा काही सागरी गोगलगायी पूर्वी जिथे पाणी थंड होते तिकडे सरकताना आढळल्या आहेत. गोगलगाय सरकते तेव्हा तिच्याबरोबर तिचे परजीवीही सरकतात. डॉक्टर म्हणून मला काळजी वाटते ती याची.

उंदरांच्या फुप्फुसातला जंत

या परजीवीचे नाव अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस. त्याला उंदरांचा फुप्फुसजंत म्हणतात. मोठा झालेला जंत उंदराच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत राहतो आणि त्याच्या अळ्या उंदराच्या लेंड्यांतून बाहेर पडतात. गोगलगायी त्या लेंड्या खातात आणि अळ्या गोगलगायीच्या शरीरात वाढतात. उंदराने ती गोगलगाय खाल्ली की चक्र पूर्ण होते.

माणूस या चक्रात चुकून सापडतो. कच्ची किंवा अर्धवट शिजलेली गोगलगाय खाल्ल्यास, किंवा पालेभाजीला चिकटलेली इवलीशी गोगलगाय नकळत पोटात गेल्यास अळ्या रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचतात. माणसाच्या शरीरात त्या सहसा पूर्ण वाढत नाहीत. त्या मेंदूत आणि मेंदूच्या आवरणात मरतात, पण तिथे सूज निर्माण करतात. हा मेनिंजायटिसचा एक प्रकार आहे.

मुंबईतल्या उंदरांमध्ये हा जंत आढळल्याची नोंद १९८२ मध्येच प्रसिद्ध झाली आहे. भारतात माणसांना झालेल्या आजाराच्या नोंदी प्रामुख्याने दक्षिणेतल्या आहेत. तिथे काही रुग्णांनी 'औषध' म्हणून घोरपडीचे कच्चे मांस खाल्ले होते. घोरपड गोगलगायी खाते, त्यामुळे अळ्या तिच्यातही असू शकतात. युरोपात हा जंत २०१० मध्ये स्पेनच्या कॅनरी बेटांवरच्या उंदरांत सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि पुढे स्पेनच्या मुख्य भूमीवरच्या व्हॅलेन्सिया शहरातल्या उंदरांतही तो आढळला.

ऑस्ट्रेलियात सिडनी येथे २०१० मध्ये १९ वर्षांच्या एका तरुणाने मित्रांच्या चिथावणीवरून शेंबडी गोगलगाय गिळली. त्याला याच जंताचा मेंदूचा आजार झाला, तो वर्षाहून अधिक काळ बेशुद्ध होता आणि नंतर अंथरुणाला खिळला. २०१८ मध्ये त्याचा मृत्यू झाला. इतका गंभीर आजार दुर्मीळ आहे. बहुतेक रुग्ण बरे होतात. पण गंमत म्हणून, पैज म्हणून किंवा मूळव्याध-सांधेदुखीवरचा उपाय म्हणून जिवंत गोगलगाय कधीही गिळू नका.

लक्षणे कोणती?

अळ्या पोटात गेल्यानंतर बहुधा एक ते तीन आठवड्यांनी त्रास सुरू होतो.

- दिवसेंदिवस वाढणारी, नेहमीच्या गोळीने न थांबणारी डोकेदुखी
- मान आखडणे, उलट्या, उजेड सहन न होणे
- कातडीला मुंग्या येणे, जळजळ, कपड्याचा स्पर्शही दुखणे
- एक वस्तू दोन दिसणे, चेहरा वाकडा होणे
- मुलांमध्ये ताप, चिडचिड किंवा जास्त झोप

मोठ्यांमध्ये ताप कमी असतो किंवा नसतोच. त्यामुळे 'ताप नाही, म्हणजे साधे डोके दुखत असेल' असे समजून घरी थांबू नका.

एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडे अशी लक्षणे असतील तर क्षयरोग, जिवाणू किंवा विषाणूंमुळे होणारा मेनिंजायटिस असण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. ते आजारही तितकेच तातडीचे आहेत. म्हणून कारण कोणतेही असो, रुग्णाला लवकर रुग्णालयात न्या.

तपासणी आणि उपचार

पाठीच्या मणक्यातून सुईने थोडे पाणी काढून तपासले जाते. त्यात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या तर या जंताचा संशय येतो. 'पाठीतले पाणी काढले की माणूस अधू होतो' ही भीती अनेक नातेवाईक बोलून दाखवतात. ती निराधार आहे. सुई मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली टोचतात. या आजारात तर पाणी काढल्याने मेंदूवरचा दाब कमी होऊन डोकेदुखी हलकी होते.

उपचारात वेदनाशामके आणि सूज कमी करण्यासाठी स्टिरॉइड देतात. जंतनाशक द्यायचे की नाही, हे तज्ज्ञ रुग्ण पाहून ठरवतात, कारण मेंदूतल्या अळ्या एकदम मेल्या तर सूज वाढू शकते. म्हणून डोके दुखते म्हणून मेडिकलमधून जंताची गोळी आणून घेऊ नका. शाळा-अंगणवाडीत मुलांना मिळणारी जंतनाशक गोळी वेगळ्या, पोटातल्या जंतांसाठी असते. ती जरूर द्या.

हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. रुग्णाला वेगळे ठेवायची गरज नाही.

गोगलगायीपेक्षा तिचे औषध जास्त घातक

जंताचा आजार दुर्मीळ आहे. विषबाधा मात्र कोणत्याही घरात होऊ शकते. गोगलगायींसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या वापरतात. पूर्वी काही ठिकाणी गूळ आणि कोंडा भिजवून त्यात मिथोमिलसारखे कीटकनाशक मिसळत आणि ते आमिष शेतात ठेवत. गुळाच्या वासाने गोगलगाय येते, तसेच लहान मूल, कुत्रे आणि वासरूही येते.

मेटाल्डिहाइड पोटात गेल्यास बहुधा काही तासांतच लाळ, उलट्या, पोटदुखी, तोल जाणे, थरथर आणि झटके येऊ शकतात. त्यावर ठरावीक उतारा नाही, पण वेळेत दाखल केल्यास झटके आणि श्वास सांभाळून रुग्ण वाचवता येतो. मिथोमिलच्या विषबाधेत खूप घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या आणि श्वास लागणे दिसते. त्यावर अॅट्रोपिनचे इंजेक्शन उपयोगी पडते. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, म्हणून औषधाचे पाकीट किंवा डबा बरोबर आणाच.

असे झाल्यास:

- उलटी करवू नका. मिठाचे पाणी, दूध, तूप पाजू नका.
- तोंडात उरलेले आमिष बोटाला कापड गुंडाळून काढा. रुग्ण शुद्धीवर नसेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालू नका.
- झटके येत असतील तर कुशीवर वळवा. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका.
- अंगावर औषध सांडले असेल तर कपडे काढून साबणाने धुवा.
- १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा. 'अजून काही त्रास नाही' म्हणून थांबू नका.

आमिष कालवलेले घमेले आणि बादली घरच्या वापरात आणू नका. उरलेले औषध बिस्किटाच्या डब्यात किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका.

वेचताना काय काळजी घ्यावी?

गोगलगायी हाताने वेचून नष्ट करणे हा चांगला उपाय आहे. त्यासाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी बांधावर टाकतात आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी गोळा करतात. पण त्याच ओल्या पोत्याखाली साप किंवा विंचूही बसलेला असू शकतो. पोते हाताने नव्हे, लांब काठीने उलटा. पायात गमबूट, हातात बॅटरी असू द्या. साप चावलाच तर कापू नका, घट्ट आवळून बांधू नका. चावलेला भाग हलवू न देता सर्पदंशाची लस उपलब्ध असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या.

वेचताना रबरी हातमोजे घाला किंवा हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा. हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्या. नंतर साबणाने हात धुवा. तंबाखू मळण्याआधी आणि बिडी पेटवण्याआधीसुद्धा धुवा, कारण हात तोंडाशी जातो तो तेव्हाच. गोळा केलेल्या गोगलगायी मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात मारून खोल खड्ड्यात पुरा. विहिरीत, नाल्यात टाकू नका.

बांधावर चुन्याची रेघ ओढताना चुना डोळ्यात गेला तर डोळा चोळू नका. लगेच स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान २० मिनिटे धुवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. चुन्याने बुबुळ भाजून दृष्टी जाऊ शकते.

स्वयंपाकघरात

आपल्याकडे जेवणात मेथीचा घोळाणा, कांद्याची पात, मुळा, कोथिंबीर कच्ची खातात. ते बंद करायचे कारण नाही. पावसाळ्यात मात्र पालेभाजीचे पान न् पान वेगळे करून वाहत्या पाण्यात धुवा. चिकट माग किंवा कुरतडलेला भाग दिसला तर ती पाने टाकून द्या. नुसते मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवल्याने अळ्या मरतीलच याची खात्री नाही. उकळून शिजवल्याने मरतात. म्हणून शेतात गोगलगायी खूप असतील त्या दिवसांत घोळाण्याऐवजी शिजवलेली भाजी बरी. पिण्याचे पाणी झाकून ठेवा आणि घरातल्या उंदरांचा बंदोबस्त करा. उंदीर कमी झाले की या जंताचे चक्रच तुटते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मुलाने गोगलगाय हातात घेतली होती. तपासणी करावी का?*
नाही. हात साबणाने धुवा. पुढचे तीन आठवडे तीव्र डोकेदुखी किंवा उलट्या झाल्या तरच दाखवा, आणि गोगलगाय हाताळल्याचे आवर्जून सांगा.

*मुलाने तोंडात घातली तर?*
तोंड धुवा, चूळ भरायला लावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

*अंगावरून गेली तर फोड येतात का?*
सहसा नाही. चिकट स्रावाने खाज आल्यास साबणाने धुवा.

*गोगलगायींनी खाल्लेल्या शेतातले सोयाबीन खावे का?*
हो. वाळवलेल्या आणि शिजवलेल्या दाण्यापासून हा आजार होत नाही.

डॉक्टरांना काय सांगाल?

पावसाळ्यात डोकेदुखी, उलट्या किंवा झटके घेऊन रुग्णालयात गेलात तर तीन गोष्टी न विचारता सांगा: शेतात गोगलगायी वेचल्या का, कच्चे काय खाल्ले आणि घरात कोणते औषध आणले आहे. गर्दीच्या ओपीडीत आम्ही डॉक्टर हे विचारायला विसरू शकतो. तुमच्या या एका वाक्याने निदान काही तास, कधी काही दिवस आधी होऊ शकते.